विहिरीत उतरणारे विष कोण मोजणार?

पाण्याचा प्रश्न म्हणजे काय, हे आंबेडकरी समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेण ओतल्याने ते शुद्ध होते, असे मानणारी ती व्यवस्था होती! हा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. तळे सर्वांचे झाले.

ज्या १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, त्याच सालापासून मुंबई शहर आपला कचरा देवनारच्या खाडीकाठी टाकू लागले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे खरे. परंतु पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या गोरगरिबांच्या पाण्याचे काय होणार होते, हे समजून घ्यायचे तर दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात. एकीकडे पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळाला. दुसरीकडे तेच पाणी जमिनीच्या पोटात नासवण्याचा उद्योग सुरू झाला. आज विहिरीवर कुणी पहारा ठेवत नाही. विहीर उघडी आहे, पोहरा सोडायला मनाई नाही. पण त्या पोहऱ्यात काय येते आहे, हे कोण मोजणार? आणि मोजलेच तर ते आपल्याला कोण सांगणार? आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे.

कचऱ्याच्या डोंगराखाली नेमके काय घडते, ते आधी समजून घेऊ. ओला आणि सुका कचरा एकत्र कुजतो. त्यावर पाऊस पडतो. हे पाणी कचऱ्यातून झिरपत खाली उतरताना त्यातले क्षार, अमोनिया, सेंद्रिय घाण आणि बॅटऱ्या, रंग, धातूचे तुकडे यांतून सुटलेले शिसे-निकेलसारखे धातू सोबत घेते. तळाशी जो काळा, उग्र वासाचा द्रव साचतो त्याला लिचेट म्हणतात. डेपोच्या तळाशी अभेद्य अस्तर असेल आणि हा द्रव गोळा करण्याची सोय असेल तर तो अडतो. नसेल तर तो मुरुमात शिरतो आणि मुरुमाखालच्या खडकात उतरतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा सगळीकडून सारखे पाणी वाहून नेत नाही. वरचा झिजलेला मुरूम, त्याखालच्या भेगा, दोन थरांमधला सच्छिद्र पट्टा, अशा वाटांनी पाणी चालते. त्यामुळे डेपोला लागून असलेल्या विहिरीचे पाणी बरे आणि लांबच्या विहिरीचे पाणी नासलेले, असे आपल्याकडे घडू शकते. खडकाची भेग जिकडे जाते तिकडे विष जाते. म्हणूनच 'आम्ही डेपोजवळच्या एका विहिरीचा नमुना घेतला, तो ठीक निघाला' हे अधिकाऱ्याचे वाक्य ऐकून गप्प बसणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. ती एक विहीर कोणत्या बाजूची? पाणी तिच्याकडे वाहते की तिच्यापासून दूर? याचे उत्तर नसेल तर त्या अहवालाची किंमत शून्य.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची कहाणी महाराष्ट्राला माहीत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुणे शहराचा कचरा तिथे जाऊ लागला. डेपोचा पसारा १६३ एकरांपर्यंत गेला. शहर वाढले, कचरा वाढला आणि या गावांतल्या विहिरींचे पाणी पिण्याच्या लायकीचे उरले नाही. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, गाड्या अडवल्या, न्यायालयात आणि हरित लवादात दाद मागितली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा पुन्हा गाड्या रोखल्या गेल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. तेव्हा कुठे शहरातल्या सुशिक्षितांना कळले की आपला कचरा कुठेतरी जातो आणि तिथे माणसे राहतात! दरम्यानच्या काळात या गावांना वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. पाण्याचे नमुने घेतलेच गेले नाहीत असे नाही. प्रश्न असा आहे की, तीस वर्षांच्या या काळात कोणत्या ऋतूत, कोणत्या विहिरीत, पाण्याची पातळी किती होती आणि त्यात काय होते, याची सलग नोंद गावाच्या हातात आहे काय? गावाच्या हातात नसेल तर ती कुणाच्या कपाटात आहे?

कायदा नव्हता म्हणून हे झाले, असे म्हणण्याची सोय नाही. शहरांच्या कचऱ्याबाबत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर केंद्र सरकारने २००० साली घनकचऱ्याचे नियम केले. त्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की, कचरा टाकण्यापूर्वी त्या परिसरातील भूजलाची मूळ स्थिती तपासून तिची नोंद ठेवावी. डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल ठरावीक काळाने तपासावे. ही तपासणी उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशा वेगवेगळ्या ऋतूंत व्हावी. तळाशी ९० सेंटीमीटर जाडीचा, पाणी जवळजवळ न झिरपणारा मातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर असावे. भूजलाची सर्वांत वरची पातळी डेपोच्या तळापासून किमान २ मीटर खाली असावी. डेपो बंद झाल्यावरही किमान १५ वर्षे देखरेख चालू ठेवावी. असलेल्या डेपोंची सुधारणा ३१ डिसेंबर २००१ पर्यंत करायची होती. २०१६ साली नवे नियम आले, त्यांनीही भूजल तपासणीची ही अट कायम ठेवली.

कागदावर सारे आहे. मग गोम कुठे आहे? पहिली गोम अशी की, महाराष्ट्रातले बहुतेक जुने डेपो या नियमांच्या आधीचे. तिथे अस्तर नाही आणि मूळ स्थितीची नोंदही नाही. आता तीच उणीव ढाल म्हणून पुढे केली जाते. 'पाणी आधीपासूनच खराब नव्हते कशावरून? शेतातल्या खतामुळे, शौचालयांच्या खड्ड्यांमुळेही नायट्रेट वाढते,' असे सांगितले जाते. हे अगदीच खोटे नाही, वाढते. पण त्याचे उत्तर विज्ञानाजवळ आहे. डेपोच्या वरच्या अंगाला, जिथून भूजल डेपोकडे येते तिथे एक विहीर तपासायची आणि खालच्या अंगाला, जिथे ते डेपोखालून बाहेर पडते तिथे दोन-तीन विहिरी तपासायच्या. खत आणि शौचालये दोन्हीकडे असताना वरच्या विहिरीपेक्षा खालच्या विहिरींत क्षार आणि अमोनिया कितीतरी जास्त निघत असतील, तर मधे काय आहे ते आंधळ्यालाही दिसेल.

दुसरी गोम अशी की, जो कचरा टाकतो तोच पाणी तपासतो, निदान तपासून घेतो. महापालिका प्रयोगशाळेला पैसे देते, अहवाल महापालिकेकडे येतो, महापालिका तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवते. या साखळीत जो माणूस ते पाणी पितो तो कुठेच नाही. आरोपीनेच पंचनामा करायचा आणि फिर्यादीला त्याची प्रतही द्यायची नाही, असा हा न्याय आहे.

आता कुणी म्हणेल, भूजलाचा प्रवाह ही तज्ज्ञांची गोष्ट, वस्तीतल्या माणसाला त्यातले काय कळणार? ज्ञान हे आपले काम नव्हे, हे ऐकवले जाण्याची आपल्याला हजारो वर्षांची सवय आहे. म्हणून ही गोष्ट किती सोपी आहे ते सांगतो. समजा, तीन विहिरी आहेत. पहिलीच्या काठाची समुद्रसपाटीपासून उंची ५६० मीटर, दुसरीच्या ५५७, तिसरीच्या ५५५. दोरीला वजन बांधून मोजले तर पाणी काठापासून अनुक्रमे ४, ६ आणि ७ मीटर खाली लागले. वजाबाकी करा. पाण्याची खरी पातळी झाली ५५६, ५५१ आणि ५४८ मीटर. पाणी वरून खाली जाते, म्हणजे उतार पहिलीकडून तिसरीकडे आहे. एका सरळ रेषेत नसलेल्या अशा तीन विहिरींच्या पातळ्या नकाशावर मांडल्या की भूजलाच्या प्रवाहाची ढोबळ दिशा मिळते. यासाठी लागते ती एक मोजपट्टी, विहिरीच्या काठावर रंगाने केलेली कायमची खूण आणि पंप सुरू होण्याआधी सकाळी लवकर उठण्याची तयारी. काठांची उंची एकदाच नीट मोजून घ्यावी लागते, ते काम कोणताही सर्व्हेअर करतो. आपल्या खडकातल्या भेगांमुळे हे चित्र गुंतागुंतीचे होते, म्हणून तीनाऐवजी दहा विहिरी मोजाव्यात आणि वेगवेगळ्या खोलीच्या बोअरही घ्याव्यात. पण सुरुवात तिथूनच होते. शिवाय कुणी मोठा पंप लावून रात्रंदिवस उपसा सुरू केला तर पाण्याची दिशाच त्याच्याकडे वळू शकते. म्हणून हे मोजमाप एकदा करून भागत नाही, दर ऋतूला करावे लागते.

गुणवत्तेचेही तसेच. लिचेट पुढे सरकते तेव्हा त्यातले धातू बरेचसे मातीला चिकटून मागे राहतात. पण क्लोराइड मातीला चिकटत नाही आणि वाटेत नष्टही होत नाही. ते सर्वांच्या पुढे धावते. म्हणजे ज्या विहिरीत दर ऋतूगणिक क्लोराइड चढत चालले आहे, तिच्याकडे बाकीचे विषही निघाले आहे, असा इशारा समजावा. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे हातात मावणारे यंत्र मिळते. फिल्टरचे विक्रेते घरोघर जे टीडीएस मीटर दाखवत फिरतात, ते याच तत्त्वावर चालते. पाणी विषारी आहे की नाही हे ते सांगत नाही, पण काहीतरी बदलते आहे हे ते सांगते. पुढची तपासणी प्रयोगशाळेत. नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराइडला लिटरमागे २५० मिलिग्रॅम, एकूण विरघळलेल्या क्षारांना ५०० आणि नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली होती. यातला नायट्रेटचा आकडा आपल्या आयाबहिणींनी मुद्दाम लक्षात ठेवावा. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात कालवलेली भुकटी पाजली तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळे पडते. पाणी उकळले म्हणजे झाले, हा समज इथे उलटा पडतो. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून ते आणखी दाट होते.

विहिरी नासल्या की शासनाचे उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे टँकर. तहानलेल्याला टँकर मिळालाच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. पण टँकर सुरू झाला की विहीर सोडून दिली जाते. वापरात नसलेल्या विहिरीची तक्रार कुणी करत नाही, तक्रार नाही म्हणून नमुना नाही, नमुना नाही म्हणून प्रदूषणाचा पुरावा नाही. विहिरीचा खून होतो आणि टँकर तिचे प्रेत झाकून टाकतो. पुढे निवडणुकीच्या आधी टँकर वाढतात, नंतर कमी होतात आणि गावाचा हक्क नेत्याच्या मेहेरबानीत बदलतो. बाबासाहेबांनी महाडला जी गोष्ट मोडून काढली ती हीच होती. वरून कुणीतरी पाणी ओतायचे आणि खाली कुणीतरी ओंजळ धरायची!

यात जात कुठे आली, असा प्रश्न प्रस्थापितांकडून हमखास येतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर खडकाची भेग जात विचारत नाही. उरुळी-फुरसुंगीच्या बाधितांत सर्व जातींचे शेतकरी आहेत आणि त्यांचे नुकसान खरे आहे. या लढ्यात ते आपले सोबती आहेत. पण भेग जात विचारत नसली तरी भेगेपर्यंत कचरा नेणारा रस्ता जात विचारतो. डेपोसाठी महापालिका सरकारी जमीन शोधते, म्हणजे बहुधा गायरान किंवा पडीक. हीच ती गायराने, ज्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. भूमिहीनाला द्यायला नसलेली जमीन कचऱ्याला द्यायला मात्र सापडते. अनेक गावांत दलित वस्ती गावकुसाबाहेर, उताराच्या अंगाला वसवली गेली. वरचे वाहून आलेले तिथे थांबते, मग ते गटाराचे असो वा जमिनीखालचे. पाणी नासल्यावर ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल बोअर घेतो, जार विकत आणतो. ज्याच्याकडे नाही त्याला सार्वजनिक विहीर आणि हातपंप यांशिवाय दुसरा आधार नसतो. आणि डेपोवर कचरा वेचून पोट भरणाऱ्या आपल्या भगिनींच्या वाट्याला तर धूर, जखमा आणि पाणी, तिन्ही येतात.

ही एकट्या महाराष्ट्राची गोष्ट नाही. ज्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्याच अमेरिकेत १९८२ साली उत्तर कॅरोलिना राज्याने पीसीबी नावाच्या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी वॉरेन परगणा निवडला. तिथली बहुसंख्य वस्ती काळ्या, गरीब माणसांची, विहिरींवर जगणारी. तिथे भूजल उथळ आहे, जागा चुकीची आहे, असे लोकांनी सांगितले. शासनाने ऐकले नाही. माणसे ट्रकच्या वाटेत आडवी झाली, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. तरीही खड्डा भरला गेला. लोक तात्पुरते हरले. पण ते घरी बसले नाहीत. १९९३ साली त्या 'सुरक्षित' खड्ड्यात पाणी साचल्याचे उघड झाले, तेव्हा शासनाने एकट्याने पाहणी करावी हे त्यांनी मान्य केले नाही. शासन आणि स्थानिक यांची संयुक्त समिती झाली, त्या समितीला स्वतःचे शास्त्रज्ञ मिळाले. अखेर ती माती निर्विष करण्याचे काम सरकारला करावे लागले, ते २००३ साली पूर्ण झाले. एकवीस वर्षे लागली. रस्त्यावरच्या लढ्याला जेव्हा मोजमापाची जोड मिळाली तेव्हा शासनाला पळवाट उरली नाही, हा त्यातला धडा आहे.

आज अनेक शहरांत जुना कचरा उपसून, चाळून डेपो मोकळे करण्याची कामे काढली जात आहेत. डोंगर हटणे चांगलेच. पण डोंगर हटला म्हणजे प्रश्न मिटला, ही घोषणा मान्य करता येणार नाही. खडकाच्या भेगांत उतरलेले लिचेट चाळणीने निघत नाही. ते पुढे वर्षानुवर्षे खालच्या विहिरींकडे सरकत राहू शकते. मोकळ्या जमिनीवर उद्यान होईल, इमारती होतील, फीत कापली जाईल आणि तपासणी बंद पडेल. खरा धोका तिथे आहे.

म्हणून डेपोशेजारच्या प्रत्येक वस्तीने, ग्रामसभेने आणि आपल्या कार्यकर्त्यांनी काही मागण्या ठामपणे लावून धरल्या पाहिजेत. डेपोभोवतीच्या भूजल प्रवाहाचा नकाशा जाहीर करा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना निरीक्षण विहिरी खोदा, त्या उथळही असू द्या आणि खोलही. तपासणी तिन्ही ऋतूंत करा आणि नमुना घेताना वस्तीचा प्रतिनिधी हजर ठेवा. एकाच नमुन्याचे दोन भाग करा, एक शासकीय प्रयोगशाळेत जाऊ द्या आणि दुसरा वस्ती सांगेल त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. बोअरचा नमुना घेण्याआधी साचलेले जुने पाणी उपसून टाका. निकाल मराठीत, मर्यादेच्या आकड्यासह, विहिरीच्या काठावर आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. डेपो बंद झाला तरी तपासणी बंद करू नका. टँकर सुरू झाला म्हणून विहीर नोंदीतून काढू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे राज्यभरच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. तुमच्या तालुक्यातली सर्वांत जवळची विहीर कोणती आणि तिथले पाणी काय सांगते, ते विचारा.

हे सारे मागण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेवढेही शुल्क नाही आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकच प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत या डेपोभोवती कोणत्या विहिरी, कोणत्या तारखांना तपासल्या आणि प्रत्येकीत काय निघाले? उत्तर आले तर पुरावा हातात येईल. 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर तोही पुरावाच आहे, नियम पाळला नसल्याचा लेखी कबुलीजबाब!

आणि शासन मोजेल याची वाट पाहत बसू नका. आपल्या वस्त्यांत आता विज्ञान शाखेत शिकणारी मुले-मुली आहेत. भूगोलाचे, रसायनशास्त्राचे शिक्षक आहेत, निवृत्त अभियंते आहेत. जयंतीच्या वर्गणीतून एक मोजपट्टी, एक मीटर आणि एक वही विकत घेणे कोणत्याही मंडळाला जड नाही. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला विहिरीची पातळी आणि मीटरचा आकडा त्या वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. या वहीने न्यायालयाचा निकाल लागणार नाही. पण अधिकारी जेव्हा एका विहिरीचा एक कागद घेऊन येईल, तेव्हा दहा विहिरींची पाच वर्षांची नोंद त्याच्यासमोर ठेवता येईल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना देशाच्या नद्यांच्या नियोजनाची पायाभरणी त्यांच्या खात्यातून झाली. पाण्याकडे भक्तिभावाने नव्हे, तर हिशेबाने पाहण्याची दृष्टी त्या कामात होती. तो हिशेब आपल्या विहिरीपासून सुरू करावा लागेल. पाण्याला शिवण्याचा हक्क आपण लढून मिळवला. त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्कही कुणी आणून देणार नाही.